कॉलेज बघायला जाताना: आणि दुसऱ्या वर्षी?

इंजिनिअरिंगचं कॉलेज बघायला निघताना वही, पेन, छत्री, पाण्याची बाटली, हे सांगायला नको. मूळ कागदपत्रं मात्र घरीच ठेवा. नुसतं बघायला आलेल्याकडे दाखला आणि मार्कशीट मागायचं कुणालाच कारण नाही. फाटकापाशी "टोकन द्या, सीट धरून ठेवतो" म्हणणारा भेटला तर त्याच्याशी बोलत बसू नका. कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या वाटपातूनच मिळते.

आधी कुठली कॉलेजं बघायची ते ठरवा. कॅपच्या विकल्प अर्जात, म्हणजे कॉलेज-शाखा पसंतीक्रमाने लिहायच्या त्या अर्जात, 300 पर्यंत पर्याय भरता येतात, प्रत्यक्ष बघून होतात पाच-सहा. मागच्या वर्षीच्या कट-ऑफ याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात आपलाच रकाना वाचा: कोडच्या सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची जागा, शेवटी एच असेल तर त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांची, ओ असेल तर बाहेरच्यांची. लातूरच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा एचचा आकडा बघून हुरळून जायचं किंवा हबकायचं काही कारण नाही. तो आकडा त्याचा नव्हेच.

जायचं ते कॉलेज चालू असताना. इथेच बहुतेकांचं चुकतं. निकालानंतर जूनमध्ये सगळे निघतात, तेव्हा वर्ग रिकामे, लॅबला कुलूप आणि स्वागतकक्षात माहितीपुस्तिका. शिवाय अर्ज भरायला हातात मोजके दिवस. सत्र साधारण जुलै-ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि मग जानेवारी ते एप्रिल चालतं. त्यातला मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास. बारावीचं पोर अभ्यासात असेल तर आई-बापांपैकी एकाने जानेवारीत जाऊन यावं. गॅदरिंगच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा सगळं छान दिसतं आणि तास एकही होत नाही.

एसटीने किंवा लोकलने जा. पोर चार वर्षं तसंच जाणार आहे. स्टँडपासून फाटकापर्यंत किती वेळ लागतो, शेवटची बस किती वाजता, ते वहीत लिहा.

आता मुख्य गोष्ट. वसतिगृह बघाल, सगळेच बघतात. खोली, पलंग, संडास, मेसची डाळ. मग ऑफिसात विचाराल, "हॉस्टेल मिळेल का?" उत्तर येईल, "पहिल्या वर्षाला नक्की मिळेल." आणि तुम्ही समाधानाने उठाल. उठू नका. विचारा: आणि दुसऱ्या वर्षी? बऱ्याच ठिकाणी खोल्या आधी पहिल्या वर्षाला देतात, पुढच्यांना उरल्या तर. आमच्याकडून थोरल्याच्या वेळी हा एकच प्रश्न राहिला आणि पुढच्या जुलैत खोली शोधत वणवण झाली. म्हणून ऑफिसात विचारा, रेक्टरना वेगळं विचारा, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तर विचाराच. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर मुलांचं खरं धरा. एकूण जागा किती, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला त्यातल्या किती, वाटप गुणांवर की घराच्या अंतरावर, विषय राहिला तर खोली जाते का, हे चार आकडे-नियम वहीत हवेतच.

"बाहेर सोय होते" एवढ्यावर सोडू नका. फाटकाबाहेर अर्धा तास पायी फिरा. खोल्या कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका पलंगाच्या भाड्याने मिळतात की अख्खा फ्लॅट घ्यावा लागतो, डिपॉझिट किती महिन्यांचं, लाइट बिल भाड्यात धरलेलं की वेगळं, एजंट किती घेतो. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो, म्हणजे भाडं दर वर्षी नव्याने ठरतं. सोसायटी विद्यार्थ्यांना देते का, मुलींना देते का, तेही विचारा. चांगल्या खोल्या शेवटच्या वर्षाची मुलं मे-जूनमध्ये सोडतात आणि त्या त्यांच्याच ज्युनिअरकडे जातात. तेव्हा दुसऱ्या वर्षाची खोली एप्रिलमध्येच बघायला लागायचं. जुलैत उरतं ते चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी एक वेळ. मुलीसाठी बघत असाल तर तोच रस्ता रात्री आठनंतर पुन्हा चाला.

शाखेच्या इमारतीत जा. पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास एकच असतं, त्यामुळे दाखवायला नेतात ते बहुधा भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये आणि वर्कशॉपमध्ये. तुम्हाला बघायची आहे तिसऱ्या वर्षाची लॅब. एका मशीनवर किती मुलं काम करतात ते मोजा. चारांपर्यंत ठीक, आठ असतील तर दोघं करतात आणि सहा जण जर्नल उतरवतात. लेथवर ताजा कीस दिसतो की धूळ, संगणक चालू करून मागितला तर किती वेळात सुरू होतो, हे बघितलं की पुरे. शिक्षक किती, हेही विचारा. एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. शाखेच्या फलकावरची नावं मोजा आणि त्यातले आज हजर किती ते बघा.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन वेगळ्या संस्था, त्यात गल्लत करू नका. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं, एनबीएचं एकेका अभ्यासक्रमाचं. मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून शेजारच्या नव्या एआय शाखेला आहे असं होत नाही. जिची एकही बॅच बाहेर पडलेली नाही तिच्या प्लेसमेंटची गोष्ट ऐकायलाही थांबू नका.

प्लेसमेंटचा सर्वांत मोठा आकडा भिंतीवर असतो, तो सोडून द्या. शाखेत किती मुलं होती, किती जण पात्र ठरले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, एवढंच विचारा. एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्यात का, तेही. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला दिलेली माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. तिच्यात मधला पगार सापडतो, पण शाखावार नाही.

फी छापील मागा. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली एक, आणि वसतिगृह, मेस, बस, अनामत वेगळी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी किंवा ओबीसी गटातल्या मुलींना कॅपमधून प्रवेश मिळाला तर 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हे कॉलेज आधी पूर्ण पैसे भरायला लावतं का, ते विचारा. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च त्या माफीत नाही. त्यात दुसऱ्या वर्षीचं बाहेरचं भाडं मिळवा, मग बेरीज करा.

मुलांशी बोलायचं ते कँटीनमध्ये, आणि आई-बापांनी जरा लांब बसून. हजेरी, राहिलेले विषय, रॅगिंग, वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत. बाकी पोर विचारेल. दुसऱ्या वर्षी कुठे राहता, हे विसरलं तर तुम्ही विचारा.

दिवसाला एकच कॉलेज, फार तर दोन. त्याच संध्याकाळी लिहून काढा, चौथ्या कॉलेजनंतर सगळ्या लॅब एकसारख्या आठवतात. फोटोंना कॉलेजचं नाव द्या.

अर्ज भरताना वही समोर. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, मग पुढच्या फेऱ्या नाहीत. म्हणून वरच्या ओळीवर न बघितलेलं कॉलेज नको. आणि तिथे दुसऱ्या वर्षीच्या राहण्यापुढे वहीत रिकामं असेल, तर अर्ज पाठवण्याआधी रेक्टरना फोन लावा.