ब्रॉयलरचं जुनं लिटर पुन्हा कसं वापरायचं

घोटीच्या भात गिरण्या आमच्या शेडपासून अर्ध्या तासावर, तरी लिटरचं, म्हणजे शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरायचं, तूस वेळेवर मिळेल याची खात्री नाही. पावसाळ्यात गिरणी थंड, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवाले आमच्याआधी दारात उभे. त्यामुळे एकाच तुसावर ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) दोन-तीन बॅचा काढणं ही आमच्याकडे हौस नाही, गरज आहे. यात अवघड काम एकच, ते म्हणजे जंतू मरावेत म्हणून जुन्या लिटरचा ढीग लावून तो तापवणं. नेमकं त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "चुना मारा, काही होत नाही."

आधी दिवसांचा हिशेब करा. पक्षी उचलल्यापासून नवी पिल्लं येईपर्यंत किमान १४ दिवस मोकळे मिळणार नसतील, तर सरळ नवं तूस आणा. १० दिवसांत उरकतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या शेडमध्ये पहाटे एकदा जाऊन या, वासानेच कळेल.

कोणतं लिटर वापरायचंच नाही

गेल्या बॅचला गंबोरो (पिल्लांचा विषाणूजन्य रोग) झाला असेल, कॉक्सीने (आतड्याच्या रोगाने) रक्ताची शी झाली असेल किंवा मरतुकीचं कारणच कळलं नसेल, तर सगळं बाहेर काढा. गंबोरोचा विषाणू शेडमध्ये महिनोन्‌महिने तग धरतो, तिथे कंजुषी महागात पडते. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तरी तेच. बर्ड फ्लूचा तर प्रश्नच येत नाही. त्यात सरकारी पथक पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य, लिटर सगळंच नष्ट करतं. नवापूरकरांनी ते २००६ आणि २०२१ असं दोनदा पाहिलंय.

माल उचलल्यावर

भांडी बाहेर, मेलेले पक्षी खड्ड्यात, पिसं फ्लेम गनने जाळा. पाण्याच्या लाइन आणि टाकी धुऊन घ्या. हे सगळ्यांना येतं.

मग पापड्या काढा. पाण्याच्या भांड्यांखाली आणि निपलच्या (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांच्या) ओळीखाली लिटर घट्ट, काळं, चामड्यासारखं झालेलं असतं. ते फोडून आत मिसळू नका, फावड्याने उचलून शेडबाहेर न्या. पापडी फोडून पसरली की ओल नाहीशी झाली असं वाटतं, पण ती फक्त सगळ्या शेडभर वाटली जाते.

ढीग लावणं आणि तापवणं

इथे मी दोनदा तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

उरलेलं लिटर शेडच्या मधोमध लांब ओळीत, सरीच्या वरंब्यासारखं रचायचं. उंची अडीच ते तीन फूट, तळ पाच-सहा फूट. ५ हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये जवळजवळ शेडच्या लांबीइतकी एक ओळ होते. दीड फुटाची रास तापत नाही, आतली उष्णता बाहेर निघून जाते. आणि ओळीवर चढून पायाने चेपू नका. तापवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते.

पहिल्या वेळी उन्हाळ्याचे दिवस होते. लिटर कसं कोरडं, भुरभुरीत, बघून मीच खूश. झकास रास लावली. चार दिवसांनी आत हात घातला, तर गुळाच्या ढेपेइतकीही ऊब नाही. कोरड्या लिटरमध्ये जिवाणू काम करत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तशाच लिटरवर पिल्लं सोडली आणि तिसऱ्या आठवड्यात कॉक्सी. औषधाचा खर्च नव्या तुसापेक्षा जास्त झाला.

तेव्हा मूठ घ्या. लिटर मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, पण बोटांमधून पाणी आलं नाही, तर ढिगासाठी ओल बरोबर आहे. गोळा लगेच विस्कटला तर रास रचता रचता झारीने किंवा फवारणी पंपाने पाणी मारा, थर लावावा तसं. रास झाल्यावर वरून पाइप सोडलात तर वरचा थर चिखल आणि आतला गाभा कोरडाच. पाणी गळत असेल तर कोरडं तूस मिसळा. एक लक्षात ठेवा, ही ओल ढिगासाठी आहे. पक्षी असताना लिटर याहून बरंच कोरडं हवं. तेव्हा मुठीतला गोळा किंचित धरावा आणि बोटाने टोचताच मोडावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाभा तापू लागतो. लांब दांडीचा थर्मामीटर घ्या. तीन-चार जागी टोचून बघा, ५५ अंश सेल्सियसच्या वर आकडा हवा आणि तो तीन दिवस टिकायला हवा. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई गाभ्यात खुपसून १५ मिनिटांनी काढा. मुठीत धरवली नाही तर काम चालू आहे. नुसती कोमट लागली तर ओल किंवा उंची चुकली आहे, तिथेच दुरुस्त करा.

याच वेळी काळे किडे दिसतील. आच लागली की ते हजारोंनी ढिगातून निघून भिंतीच्या कडेला पळतात. कामगार घाबरून ढीग मोडायला निघतात, मोडू देऊ नका. भिंतीच्या कडेने कीटकनाशकाचा पट्टा मारा. ही संधी बॅच सुरू असताना मिळत नाही.

तीन दिवस ताप टिकला की रास उलटायची, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. सर्वात आळस इथेच होतो, कारण दोन माणसांचा अख्खा दिवस जातो आणि विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूने डोळे झोंबतात. पडदे पूर्ण खाली सोडून शेड उघडी करा, नाकाला रुमाल बांधा, पण उलटाच. बाहेरचा अर्धा फूट कधीच तापलेला नसतो आणि जंतू तिथेच असतात. कोरडं पडलं असेल तर पुन्हा पाणी. मग आणखी तीन दिवस.

पसरल्यावर थांबायचं

ही माझी दुसरी चूक. ढीग उत्तम तापला होता, सळई हातात धरवत नव्हती. तेवढ्यात पिल्लं लवकर येणार असल्याचा फोन आला. सकाळी रास पसरली, संध्याकाळी पिल्लं सोडली, पडदे बंद, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर चालू. रात्री दीड वाजता चक्कर मारली तर पिल्लं डोळे मिटून बसलेली, काही पंखाला डोळे घासत होती. मला वास फारसा येत नव्हता. बायको म्हणाली, "अहो, उभ्याने काय बघताय, खाली बसा." उकिडवा बसलो आणि दहा श्वासांत डोळ्यांतून पाणी. पिल्लू तीन-चार इंचांवर श्वास घेतं, आपण पाच फुटांवर. शिवाय रोज शेडमध्ये वावरून आपलं नाक मेलेलं असतं. रात्रीच पडदे उघडले, तर पिल्लं थंडीने गोळा झाली. बॅच शेवटपर्यंत लहान-मोठी राहिली.

अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर नको. तापलेल्या लिटरमध्ये तो कोंडलेला असतो, पसरल्यावर सुटतो. म्हणून पसरल्यापासून चार दिवस पडदे खाली, पंखे चालू आणि रोज एकदा दाताळं. पाचव्या दिवशी पडदे दोन तास बंद करा आणि पिल्लाच्या उंचीवर बसून बघा. डोळे झोंबले तर अजून दिवस द्या.

आता तो चुना. धुतलेल्या रिकाम्या जमिनीवर, भिंतींवर चुना जरूर मारा. पण जुन्या लिटरवर, तेही पिल्लं येण्याच्या तोंडावर, नको. चुना अल्कधर्मी असतो, त्याने लिटरमध्ये बांधलेला अमोनिया वायू होऊन सुटतो. उलट हवं ते आम्लधर्मी काही. सोडियम बायसल्फेट मिळतं, पाकिटावरच्या मापाने पसरा. दोन्ही एकत्र टाकणारेही पाहिलेत, त्यात दोन्हींचे पैसे पाण्यात. उघड्या शेडमध्ये फॉर्मेलिनची धुरी हाही असाच प्रकार. वायू जाळीतून निघून जातो आणि जो थोडा राहतो तो आपल्या छातीत जातो.

पिल्लं सोडताना

ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना सुरुवातीला ऊब देऊन ठेवायच्या, भागात नवंच तूस, दोन इंच, जुन्या लिटरवर. एवढी बचत सोडून द्या. नुसतं जुनं लिटर चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) बाहेर, जिथे पिल्लं दुसऱ्या आठवड्यात जातील. तूस चोवीस तास आधी पसरून शेड तापवा. पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहा, गार लागले तर जमीन अजून गार आहे.

बॅच सुरू असताना

रोज सकाळी लिटर खाली-वर करा. बेल ड्रिंकरची (घंटेच्या आकाराच्या पाण्याच्या भांड्याची) कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा. निपलसाठी मान वर ताणावी लागली पाहिजे. गळका निपल दिसला त्याच दिवशी बदला. पावसाची झड असली तरी पडदा वरपर्यंत आवळू नका, वरची फूटभर फट मोकळी ठेवा. आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये लिटर पावसाने कमी आणि कोंडलेल्या वाफेने जास्त भिजतं.

माझी मर्यादा तीन बॅचा, आणि पावसाळ्यात गेली तर दोनच. मग सगळं बाहेर, जमीन धुऊन चुना. निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले कोंबडखत घ्यायला येतात. त्यांना कुजवलेलं द्या, ताजं नको. ट्रॅक्टर शेडच्या दारापर्यंत आणू देऊ नका, फाटकाबाहेरच भरा. त्याची चाकं आधी आणखी कोणाच्या शेडमध्ये जाऊन आली असतील कोणास ठाऊक.