ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणतं मेसेजिंग ॲप टाकावं?

आधी एकच बघा: जुने मेसेज कुठे राहतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीच्या ऑफिसात एकाच मशीनवर तीन जण आळीपाळीने बसतात, तिथे सगळं यावरच ठरतं.

टेलिग्रामचे साधे चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात. मशीन फॉरमॅट केलं तरी लॉगिन करताच सगळं परत दिसतं. मात्र ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे, नसतात; तसे असणारे सीक्रेट चॅट विंडोजच्या टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये मिळत नाहीत. व्हॉट्सॲप आणि सिग्नल तसे एन्क्रिप्टेड आहेत, पण ते फोनला जोडलेले. व्हॉट्सॲपला फोनशिवाय आणखी चारच उपकरणं जोडता येतात, आणि मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर ती सगळी आपोआप लॉगआउट होतात. म्हणून ऑफिसचा नंबर ज्या फोनमध्ये आहे तो ड्रॉवरमध्ये बंद पडू देऊ नका. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन त्याचं मशीन काढून टाका.

ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब दिवसातून दोनदा बघण्यापुरतं ठीक. कुकीज साफ केल्या की पुन्हा क्यूआर स्कॅन करावा लागतो, आणि टॅब बंद असेल तर नोटिफिकेशन येत नाही.

आता मराठीचं. ॲप टाकल्यावर स्वतःलाच हे पाठवा: 'दुसऱ्या, ज्ञानेश्वर, ऱ्हस्व'. 'दुसऱ्या'तला र मोडून त्याखाली हलन्त दिसला, तर फॉन्टकडे बघा. लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी टाकलं की बहुतेक वेळा काम होतं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून टाकला तर समोरच्याला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. त्यात ॲपचा दोष नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ पीडीएफ पाठवा.

फोनेटिक कीबोर्डवर, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिताना, शब्द निवडायला एंटर दाबतात आणि अर्धाच मेसेज निघून जातो. गिऱ्हाइकाला अर्धवट भाव गेला की निस्तरणं अवघड. टेलिग्रामच्या चॅट सेटिंगमध्ये 'कंट्रोल-एंटरने पाठवा' हा पर्याय आहे, तो लावून ठेवा.

कव्हरचं चित्र 'फोटो' म्हणून कधीच पाठवू नका. ॲप त्याचे पिक्सेल कमी करतं आणि छपाईत कडा फुटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामच्या फुकट खात्यावर 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, सिग्नलची मर्यादा बरीच कमी आहे. ऑटो-डाउनलोड मात्र बंद करा, नाहीतर ग्रुपमधल्या व्हिडिओंनीच सी ड्राइव्ह भरतो.

शेवटची चाचणी गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा. राउटर बंद असताना एक मेसेज लिहून पाठवा, घड्याळाची खूण दिसेल. वीज आल्यावर तो आपोआप गेला पाहिजे. दर वेळी ॲप बंद करून उघडावं लागत असेल, तर त्या मशीनवर दुसरं ॲप टाका.