बेळगावहून स्कुबाला जाताना: घाट, कान आणि मधली एक रात्र

येळ्ळूरला मामाच्या विहिरीत, पाठीला सुके भोपळे बांधून मी पोहायला शिकले. आता शहापुरात एका साडीच्या दुकानात हिशेब लिहिते, वय सेहेचाळीस. चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा समुद्रात खाली गेले आणि तेव्हापासून दर जानेवारीत आमच्या भिशीतल्या बायकांना घेऊन मालवण गाठते. दर वर्षी निघायच्या आधी फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट आधी सांगते, कारण ती कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नसते आणि आपल्या भागातल्या माणसांना तीच सगळ्यात जास्त लागू आहे. ज्या दिवशी स्कुबा, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं, कराल त्या दिवशी घाट चढू नका.

स्कुबा केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून पुण्या-मुंबईचे पर्यटक त्याबद्दल विचारतात. आपण विमानानं जात नाही, म्हणून आपल्याला वाटतं हा नियम आपला नव्हे. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे आणि आंबोली सातशेच्या आसपास. पाण्याखाली दाबाची हवा घेताना त्यातला नायट्रोजन रक्तात, मांसात मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, त्याला वेळ द्यावा लागतो. गोटी सोड्याची गोटी दाबली की बाटलीत बुडबुडे कसे उसळतात? बाहेरचा दाब एकदम कमी झाला की शरीरात तसे बुडबुडे धरू शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला विमानप्रवासासारखंच धरते: एकच डुबकी असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास थांबायचं. मालवणातल्या पाच-सहा मीटरवरच्या वीस मिनिटांच्या डुबकीत मुरणारा वायू थोडाच असतो, हे खरं. तरीही सकाळी अकराला पाण्यातून बाहेर आणि दुपारी चारला आंबोलीच्या धबधब्यापाशी कणीस, असला बेत मी कुणालाच करू देत नाही. परतल्यावर सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर किंवा न आवरणारा थकवा आला, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी स्कुबा करून आले आहे. एरवी त्यांच्या मनात ते येणारही नाही.

म्हणून आमचा बेत ठरलेला असतो. शुक्रवारी दुपारी निघायचं, वेंगुर्ला रोडनं शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत रात्री मालवणात मुक्काम. शनिवारी सकाळी पाणी. शनिवारची रात्र तिथंच. रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघून, जेवून, मग परत. एक रात्र जास्त लागते, खर्च वाढतो. पण ती रात्र काढायची नसेल तर नुसतं स्नॉर्कलिंग करा. त्यात आपण पाण्यावरच असतो, तोंडातल्या नळीनं वरचीच साधी हवा घेतो, त्यामुळं त्याला घाटाची आडकाठी नाही.

आता कानांचं. उतरताना आंबोलीचा घाट म्हणजे आपली फुकटची शाळा आहे. घाट संपून दाणोली येईपर्यंत कान दडे बसल्यासारखे होतात, ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. पाण्यात हेच होतं, फक्त फार झपाट्यानं. आख्खा घाट उतरून कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात एक मीटर खाली जायच्या आतच वाढतो. दहा मीटरवर तर एकूण दाब दुप्पट होतो.

तेव्हा मी घाटातच सगळ्यांकडून सराव करून घेते. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि शिंकरल्यासारखी हवा सोडायची, पण शिंकरतो त्याच्या अर्ध्याच जोरानं. कानात बारीक ‘टक्’ होतं आणि इंजिनाचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू येतो. आधी डावा, मग उजवा, असंही होतं. कुणाला नुसतं गिळून जमतं, कुणाला जबडा पुढं काढून. ज्याचं त्यानं शोधायचं. वळणावळणाला करा, दुखायची वाट बघू नका. आणि एक नियम: ज्याचा कान घाट उतरूनही सुटला नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी सिलिंडर लावायचा नाही. सर्दी असेल तर अजिबात नाही.

हे मी अंगावर काढून शिकले. पहिल्या वर्षी मला सर्दी होती, पैसे भरून झाले होते, म्हणून गप्प राहिले. ज्यानं मला खाली नेलं त्यानंही काही विचारलं नाही, कान कसे सोडायचे ते सांगितलं नाही, सरळ खाली ओढत नेलं. उजव्या कानात दाभण घातल्यासारखी कळ आली. दुखतंय हे सांगायची खूण मला माहीतच नव्हती. घरी आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडद्यामागं रक्त साकळलंय. सहा आठवडे डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. त्या सहा आठवड्यांत मी ठरवलं की मी कुणाला नेईन तर हे सगळं आधी सांगून नेईन.

दम्याचा त्रास, फिट्स, हृदयाचा विकार, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गर्भारपण यांतलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि तिथल्या फॉर्मवर खरं लिहा. बोट लागत असेल तर गोळीही त्यांनाच विचारून घ्या. सकाळी उपाशी जाऊ नका, तुडुंबही खाऊ नका. दोन इडल्या पुरतात. आदल्या रात्री दारू नको.

पोहता येत नसेल तरी पहिली डुबकी करता येते, कारण इन्स्ट्रक्टर तुमचा सिलिंडर धरून सतत बरोबर असतो. तरीही जायच्या आधी महिनाभर गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात जाऊन निदान तोंड पाण्यात घालायची भीती घालवा. समुद्रात पैसे देऊन ती घालवण्यात अर्धा वेळ जातो.

आपल्यासारख्या विहिरीत पोहलेल्या माणसांची अडचण वेगळीच आहे. आपण मुटका मारतो तो छाती भरून, दम धरून. स्कुबात नेमकं तेच करायचं नाही. दम कधीही धरायचा नाही. खालच्या दाबानं घेतलेली हवा वर येताना फुगते. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलो तर तिला दुप्पट जागा लागेल, आणि ती फुफ्फुसात नसते. अगदी तीन-चार फुटांतही इजा होऊ शकते. म्हणून सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, आणि हे चालूच ठेवायचं. घरी पलंगावर पडून नाक चिमटीत धरून दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्या. सुरुवातीला घसा कोरडा पडतो, मग सवय होते.

मालवणात बोट किल्ल्याच्या बाजूला खडकांपाशी थांबते. तुम्हाला शिडीला धरून पाण्यात उभं करतात, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन, देतात. रबराचा तुकडा दातांत हलकेच धरायचा, ओठांनी आवळायचा, चावायचा नाही. पहिला श्वास घेताना ‘खर्र्’ असा कोरडा आवाज येतो आणि सोडताना कानांजवळून बुडबुडे ‘बुळुबुळु’ वर जातात. शिडीला धरूनच असे पंधरा-वीस श्वास घ्या. इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तर ‘थांबा’ म्हणा. तेवढा हक्क तुमचा आहे. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं सगळ्यांना वाटतं, पण असते ती आपलीच साधी हवा, दाबून भरलेली.

मास्कची परीक्षा बोटीवरच घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हवा आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. कपाळावरचे केस कडेखाली आले की पाणी झिरपतं, म्हणून वेणी मानेशी घट्ट घालून बट आत सारते मी सगळ्यांची. पुरुषांनी मिशीवर थोडं व्हॅसलीन लावावं. काचेला आतून थुंकी चोळून खळखळवली की वाफ धरत नाही. पाण्याखाली गेल्यावर मास्क चेहऱ्यावर रुतायला लागला तर नाकातून थोडी हवा आत सोडा. आत पाणी आलंच तर घाबरून वर धावू नका: मान थोडी वर करा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकानं जोरात हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. गुडघाभर पाण्यात हे दोनदा करून बघा, पुढं भीती राहत नाही.

मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं खोलीवर ठेवा.

खुणांमध्ये एकच गोंधळ होतो, पण नेहमी होतो. आपल्याकडं अंगठा वर म्हणजे ‘बेस!’ पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. माझ्या जाऊबाई पहिल्या वर्षी मासे बघून इतक्या हरखल्या की अंगठा दाखवला, आणि दोन मिनिटांत पाण्याबाहेर आल्या. ‘अगं, बेस आहे म्हणून सांगत होते की!’ म्हणून रडकुंडीला आल्या. बरं आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. काही बिघडलं तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडं हलवायचा आणि मग जिथं बिघडलंय तिथं बोट दाखवायचं. कान दुखला तर कानाकडं. तो तुम्हाला थोडं वर घेईल, कान सुटेल, मग परत खाली.

स्नॉर्कलिंगला नळीचं तोंड वर राहील इतकीच मान वाकवायची. नळीत पाणी शिरलं की ‘फुर्र’ करून एका दमात बाहेर उडवायचं, आणि पुढचा श्वास आधी हलकाच घ्यायचा. पाय मांडीपासून हलवायचे, सायकल मारल्यासारखे गुडघ्यात नव्हे. पाठ उन्हात भाजते हे पाण्यात कळत नाही, तेव्हा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. सकाळी लवकर जा. वारा वाढला की लाटा उठतात आणि पाणी गढुळतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. पावसाळ्यात सगळं बंद असतं. मालवणला चार-पाच मीटर लांबचं दिसलं तरी तो चांगला दिवस समजा. त्याहून स्वच्छ पाणी हवं असेल तर आपल्याच कर्नाटकातलं नेत्राणी बेट आहे, मुरुडेश्वरहून बोटीनं जायचं, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर. बोटीचा प्रवास लांबतो, उलट्या होणाऱ्यांनी विचार करून जावं. तिथले पोरगे कन्नडात समजावतात, आपल्याला काही अडत नाही. माझा स्कुबाच्या सर्टिफिकेटचा कोर्स मी तिथंच केला. त्या कोर्सला मात्र पोहता यावं लागतं: २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. एकदा तो केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. परतीला तिकडूनही अरबैल घाट आहेच, तोच नियम.

नेत्राणीला एका कपारीत मी गोब्रा बघितला. कॅम्पच्या मासळी बाजारात बर्फावर आडवा पडलेला मी शंभरदा बघितलाय, तुकडे किती पडतील एवढंच डोक्यात असायचं. इथं तो कल्ले हलवत उभा होता, अंगावरचे ठिपके बघता बघता गडद झाले. माझ्याकडं एक डोळा फिरवला, आणि शेपटीनं वाळूचा एक लोट उडवून मागं सरकला. हातभर अंतर होतं. मी श्वास सोडला की बुडबुड्यांनी तो दचके, म्हणून मी आणखी सावकाश सोडायला लागले.

पाण्याखालच्या कशालाही हात लावू नका. प्रवाळ दगडासारखं दिसतं पण तो जिवंत जीव आहे, पाय टेकला तरी मोडतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मालवणचा किल्ल्याजवळचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोत मासे गोळा व्हावेत म्हणून कुठं कुठं ब्रेडचे तुकडे सोडतात. तुम्ही आधीच सांगा, आम्हाला ब्रेड नको. मी दर वर्षी सांगते, आणि मासे तरीही येतात, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, आपणहून.

पैसे देण्याआधी विचारा: एका माणसामागं एक इन्स्ट्रक्टर आहे का, त्याचं प्रशिक्षण कुठं झालं, पाण्याखाली नेमकी किती मिनिटं, बोटीवर तातडीसाठी ऑक्सिजन आहे का. जो या प्रश्नांना चिडतो त्याच्याकडं जाऊ नका.

रविवारी किल्ल्यात गेलात तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघा. चहूकडं खारं पाणी आणि मधोमध तीन गोड्या विहिरी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला. आमच्या बायका तिथं काठावर निवांत बसतात, आणि तोवर अठरा तास केव्हाच सरलेले असतात.

परतीला घाट चढताना मात्र नाक दाबून हवा सोडायची नाही. आता पडदा बाहेरच्या बाजूला ताणलेला असतो, आतली हवा आपोआप निघते. आवळ्याची सुपारी किंवा गोळी चघळा, गिळत राहा. दाणोली सोडली की मी डबी मागं पाठवते, आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच मागच्या सीटवरून एकेकीचा आवाज येतो, ‘सुटला गं माझा.’