पवित्र गुरुवारी घरी पाय धुण्याची उपासना कशी करावी

पवित्र गुरुवारी, म्हणजे प्रभू येशूच्या मरणाच्या आदल्या रात्रीच्या स्मरणाच्या दिवशी, मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजन होते आणि घरातली कोणतीही प्रार्थना त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने त्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ते आपल्या माणसांत एकदा करून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ अंगी उतरत नाही, असा माझा अनुभव आहे. सोलापुरातल्या ज्या कुटुंबांना ही उपासना प्रथमच करायची आहे, त्यांच्यासाठी तिची रीत येथे लिहीत आहे. मंडळीतून परतल्यावर, जेवणाआधीचा पाऊण तास तिला पुरतो.

साहित्य घरातलेच असते. एक पसरट घंगाळ किंवा परात, तांब्या, एक खुर्ची, धुणाऱ्याला बसायला पाट आणि प्रत्येकासाठी वेगळा टॉवेल एवढे काढून ठेवावे. कोरा करकरीत टॉवेल आणू नये, कारण तो पाणी टिपत नाही. दोनतीनदा धुतलेला आपला नेहमीचा सोलापुरी टॉवेल उत्तम. धुणाऱ्याने आपला टॉवेल खांद्यावर न टाकता कमरेला बांधावा. प्रभूने बाह्यवस्त्रे काढून ठेवली आणि रुमाल कमरेला बांधला, म्हणजे त्या काळच्या घरात दासाचा जो वेश असे तो त्याने स्वतः घेतला, ही गोष्ट मुलांना शब्दांनी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दिसू द्यावी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून एका माणसाला एक तांब्या पुरे आणि घंगाळातले पाणी नंतर कुंड्यांना घालावे.

आरंभी तीन वाचने घ्यावीत. पहिले आठवे स्तोत्र. त्यात चंद्र आणि तारे पाहून स्तोत्रकर्ता विचारतो की मर्त्य माणूस असा कोण, की देवाने त्याची आठवण ठेवावी. आपल्यापैकी ज्यांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या घरात हा प्रश्न जरा थांबून वाचावा. दुसरे वाचन लूकच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या सात ओव्यांचे, जिथे बाळ येशूला गव्हाणीत ठेवले आहे.

तिसऱ्या वाचनाला मात्र वेळ द्यावा. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, पाचव्या ओवीपासून अकराव्यापर्यंत, एका दमात वाचू नये. तो जिना उतरल्यासारखा पायरी पायरीने वाचावा. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, येथे थांबावे. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे स्वरूप धारण केले, येथे थांबावे. तो मरणापर्यंत आज्ञापालन करणारा झाला, आणि ते मरणही वधस्तंभावरचे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती आणि वधस्तंभ ही दासांना व बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, त्यामुळे हे शेवटचे शब्द तिथल्या ऐकणाऱ्यांना किती खाली घेऊन गेले असतील, हे वाचणाऱ्याने दोन वाक्यांत सांगावे. मगच देवाने त्याला अत्युच्च केले, हा भाग वाचावा.

‘रिक्त केले’ म्हणजे देवपण टाकून दिले का, असे एखादे मूल विचारील, आणि ते विचारील तर फार बरे. उत्तर असे द्यावे की, इ.स. 451 मधल्या खल्सेदोनच्या धर्मपरिषदेने कबूल केल्याप्रमाणे, येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. योहानही पाय धुण्याच्या प्रसंगाआधी मुद्दाम नोंदवतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे येशूला ठाऊक होते. ते ठाऊक असताना तो भोजनावरून उठला. वाकल्याने देवाचे थोरपण उणे झाले नाही. वाकणे हेच त्याच्या थोरपणाचे रूप आहे.

आता कोणी कोणाचे पाय धुवावेत? आपल्या मुलखात लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचे असते, आणि पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. या उपासनेत घरात ज्याचा शब्द चालतो त्याने आधी खाली बसावे. वडिलांनी मुलांचे, सासूने सुनेचे, थोरल्या भावाने धाकट्याचे पाय धुवावेत. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. नम्रतेचा उपदेश नेहमी घरातल्या दबलेल्या माणसालाच केला जातो आणि ‘सहन कर’ एवढाच त्याचा अर्थ उरतो. शास्त्रात मात्र गुरू आणि प्रभूच वाकला आहे. याच कारणाने धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना बोलावून त्यांचे पाय धुण्याचा देखावा करू नये, आणि फोटो तर मुळीच काढू नयेत. त्यांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी.

सून म्हणेल, ‘आत्या, तुम्ही नका.’ तिला हसू नये. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रही हेच म्हणाला होता. खरी अडचण पाय धुण्यात नसून धुऊन घेण्यात आहे. माझे वडील मागावर काम करीत. पहिल्या वर्षी ते माझ्यासमोर शहाबादी फरशीवर बसले, तेव्हा त्यांचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. त्यांनी अंगठ्याला टॉवेलचे टोक गुंडाळून माझ्या एकेका बोटाची बेचकी पुसली आणि मी तोवर वरच्या पंख्याकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघवेना. प्रेम मिळवावे लागते, एवढेच आयुष्यभर शिकलेल्या माणसाला ते नुसते घेणे किती जड जाते, हे मला त्या रात्री कळले.

धुताना बोलू नये. पाणी कोमट असावे. घरात कोणाला मधुमेह असेल तर पावलांना चटका कळेलच असे नाही, म्हणून धुणाऱ्याने ते आधी आपल्या कोपराने पाहावे आणि बोटांमधली ओल पूर्ण टिपावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवू नये, ओल्या टॉवेलने तिथेच पाय पुसावेत. भावाभावांत अबोला असेल तर ही संध्याकाळ टाळण्याचे कारण नाही. प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा त्या रात्री तिथेच होता, भाकरीचा घास घेऊन तो बाहेर गेला तो नंतर. म्हणजे त्याचेही पाय प्रभूने धुतले होते.

सर्वांचे झाल्यावर योहान तेरामधली चौतिसावी ओवी, एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा, घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावी आणि प्रभूच्या प्रार्थनेने उपासना संपवावी. पाने मात्र त्या रात्री धुणाऱ्यानेच वाढावीत, कमरेचा ओला टॉवेल न सोडता.