टाकीत हिरवं औषध घालायच्या आधी हे वाचा
फोंडा-डिचोली साइडला घरामागे टाकीत तिलापिया मासे पाळत असाल तर अंगावर कापसासारखी बुरशी दिसली की कोणीतरी मॅलेकाइट ग्रीन (बुरशी मारायला वापरतात तो हिरवा रंग) घाला म्हणून सांगतोच. खायच्या माशाला ते घालूच नका. पाण्यातला रंग कल्ल्यांमधून आत शिरतो, अंगात त्याचं ल्युकोमॅलेकाइट ग्रीन होतं आणि त्याला रंगच नसतो, त्यामुळे मासा कापून बघितलात तरी मांस पांढरंशुभ्र! मूळ रंग तसा लवकर उतरतो पण हे ल्युको चरबीत जाऊन बसतं ते आठवडे-महिने निघत नाही, मासा जितका चरबीदार नि पाणी जितकं थंड तितकं जास्त दिवस. हुमण (माशाची आमटी) कितीही उकळा, ते जात नाही. म्हणून लॅबला नमुना दिलात तर दोन्हीची टेस्ट मागा, नुसत्या मूळ रंगाची काय कामाची नाय.

आधीच घातलं असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बननं (पाणी गाळायचा खास कोळसा) पाणी साफ होईल, मासा नाही. तो लॉट वेगळा काढा, विकू नका. बुरशीला लिटरमागे 2-3 ग्रॅम जाडं मीठ, आधी बादलीत विरघळवून हळूहळू सोडा. आणि बीज (माशांची पिल्लं) घेताना हॅचरीवाल्याला विचारा अंड्यांना काय लावलं, हा रंग तिथेही वापरतात.