आधी रकमा, मग परीक्षण

वास्तववादी कादंबरी मी दोनदा वाचते. पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतच नाही. दुसऱ्या वाचनात मात्र समासात रकमा टिपते: कर्ज किती, बियाणं केवढ्याचं, नोकरीसाठी मागितले किती. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) अशीच वाचली. शिकलेला, बेकार एकनाथ आणि घरची कोरडवाहू शेती. त्या घरातली भांडणं पैशाच्या हिशोबातूनच उलगडतात.

संवाद मोठ्याने वाचा. मी अकोल्याची, त्यामुळे वऱ्हाडी कानाला लगेच कळते. तुमची बोली वेगळी असेल तर त्या भागातल्या माणसाकडून दोन पानं वाचून घ्या. पात्र बोलतंय की त्याच्या तोंडून लेखक भाषण देतोय, हे तिथेच उघड होतं. अशा जागी मी फुली मारते.

परीक्षण लिहायला बसलात की कथानक चार ओळींत संपवा, शेवट सांगू नका. ‘विदारक’, ‘दाहक’ हे शब्द खोडाच! त्याऐवजी एकच प्रसंग घ्या, त्यातल्या दोन ओळी उद्धृत करा आणि त्या तुम्हाला का लागल्या ते लिहा. न पटलेलंही पानाचा क्रमांक देऊन लिहा.