चेंबरलेन मोठा की जॉर्डन? आधी दोघांची पैसेवारी काढा

"सर, चेंबरलेननं एका म्याचमध्ये शंभर पॉइंट मारले. जॉर्डननं मारले का? मंग झालं ना!"

सकाळचा बास्केटबॉलचा सराव आटोपून कडुलिंबाखाली बसलेला नववीतला पोट्टा मला हे सांगत होता. विल्ट चेंबरलेन साठच्या दशकातला, मायकेल जॉर्डन ऐंशी-नव्वदच्या दशकातला; दोघंही एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे खेळाडू. मी दारव्हा तालुक्यातल्या शाळेत खेळ शिकवतो, आमचं कोर्ट मुरमाचं. त्याच्या घरची शेती कोरडवाहू, धुऱ्यापलीकडची ओलिताची. मी विचारलं, "तुह्या बाबाचा एकरी सहा क्विंटल कापूस अन् शेजाऱ्याचा एकरी सहा, सारखाच का?" तो लगेच म्हणाला, "नाही सर, आमचा भारी."

हा हिशोब त्याला येत होता, फक्त बास्केटबॉलला लावायचा राहिला होता. गावाची पैसेवारी काढताना यंदाचं पीक प्रमाण उत्पन्नाशी ताडतात. खेळाडूचंही तसंच करायचं. त्याचा आकडा आधी त्याच्याच सालाशी ताडायचा आणि मगच दुसऱ्या सालातल्या खेळाडूसमोर ठेवायचा.

वहीत दोन रकाने पाडा. चेंबरलेनचा १९६१-६२ चा सीझन घ्या, सामन्यामागे ५०.४ पॉइंट. जॉर्डनचा १९८६-८७ चा घ्या, ३७.१. फरक तेरा पॉइंटांचा दिसतो. आता त्या-त्या साली एनबीएतला एक संघ सामन्यामागे सरासरी किती करायचा ते लिहा: १९६१-६२ ला ११८.८, १९८६-८७ ला १०९.९. त्यानं भागून शंभरानं गुणलं की चेंबरलेन ४२ वर येतो आणि जॉर्डन ३४ च्या जरा खाली.

अजून मिनिटं राहिली. जॉर्डन सामन्यामागे ४० मिनिटं खेळला, चेंबरलेन ४८.५. सामनाच ४८ मिनिटांचा, मग वरचं अर्धं कुठून आलं? बरोबरी झाली की जादा वेळ खेळतात, त्यातलं ते. म्हणजे तो बाकावर जवळजवळ बसलाच नाही. दोघांनाही ४० मिनिटांवर आणा: चेंबरलेन ३५, जॉर्डन ३४ च्या जवळ. तेरा पॉइंटांचा डोंगर एका पॉइंटावर आला. हे गणित पोट्ट्यांकडूनच फळ्यावर करून घ्या. तो आकडा उतरताना त्यांनी स्वतः पाहायला पाहिजे. आणि ४८ मिनिटं पळत राहणं हाही एक गुणच आहे, त्याची नोंद बाजूला वेगळी ठेवा.

त्या काळी इतके पॉइंट का व्हायचे, हे सरकीनं दाखवता येतं. साठच्या दशकातल्या सामन्याचा मोबाइलवर मिळेल तो सहा मिनिटांचा तुकडा लावा. चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला की वाटीत सरकीचा एक दाणा टाका. नव्वदच्या दशकातल्या सामन्यासाठी दुसरी वाटी. आमच्या जुन्या वाटीत दाणे चांगलेच जास्त निघाले. तेव्हा पळापळ फार होती आणि नेमही कमी लागायचा. १९६१-६२ ला शंभर फेकींतल्या त्रेचाळीसही आत जात नव्हत्या. चुकलेला चेंडू कोणीतरी रिबाउंड करणारच, म्हणजे परत येताना पकडणारच. चेंबरलेनचे त्या साली सामन्यामागे २५.७ रिबाउंड वाचताना हे ध्यानात ठेवा.

रिकाम्या रकान्यात शून्य कधीच लिहू नका. ब्लॉक (समोरच्याची फेक हातानं अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडचा चेंडू हिसकावणं) एनबीएनं १९७३-७४ पासून मोजायला घेतले. चेंबरलेनच्याच काळातला बोस्टनचा बिल रसेल १९६९ लाच थांबला होता. ज्याचं सगळं मोठेपण बचावात, त्याचा एकही ब्लॉक कागदावर नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसली म्हणून विहिरीत पाणी नाही असं थोडंच असते! तिथं रेघ ओढा. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात ती रेषाही एनबीएत १९७९-८० ला आली. त्याआधीच्या माणसाला थ्री पॉइंटर येत नव्हता असं म्हणणं अन्यायाचं आहे.

विजेतेपदं मोजताना संघ किती होते तेही लिहा. रसेलची तेरा सीझनमध्ये अकरा, तीही बहुतेक आठ-नऊ संघांच्या काळात. जॉर्डनची सहा, २७ ते २९ संघांत. तरीही मला रसेलचे अकरा हलके वाटत नाहीत. संघ कमी होते म्हणजे चांगले खेळाडू थोड्याच संघांत दाटलेले होते, आणि १९५९-६० पासून चेंबरलेन दरवर्षी पुन्हा समोर उभा.

जुन्या माणसाला आजच्या कोर्टवर आणायचंच असेल, तर आजचे बूट, आजचा आहार, आजचा सराव त्यालाही द्या. नाहीतर आजच्याला कॅनव्हासचे बूट घालून १९६२ ला पाठवा.

त्या पोट्ट्यानं शंभरचा सामना सोडला नाही. मग तोही उघडला: २ मार्च १९६२, हर्शी गाव, ६३ फेकींत ३६ बास्केट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक), तेही दोन्ही हातांनी खालून टाकलेले. त्याचं चित्रीकरण नाही, म्हणून सरकी मोजता आली नाही. पोट्टा उठला, रेषेवर गेला आणि खालून फ्री थ्रो टाकायला लागला. दहातले चार गेले.